तुमच्या हाळीची साक्ष

प्रिय अण्णा,

शेटच्या गोदामात तुमच्या जोडीच्या साबळेकाकांचा पाय मोडला तेव्हा तुम्ही साक्षीला का गेला नाहीत? याचं उत्तर मला माहीत नाही. काल कोर्टात शेटच्या वकिलानं हेच विचारलं, म्हणून लिहायला बसले.

आठवतं? मार्केट यार्डात तुमचा डबा घेऊन आले होते, काखेत इंग्रजीचं पुस्तक. ‘टेक द स्टँड’ म्हणजे काय, तुम्ही विचारलंत. म्हटलं, पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर साक्ष देणं. साक्षीदार बोलायला पुढं आला की इंग्रजीत असं म्हणतात.

भाकरी मोडत म्हणालात, “उभं तर आमी दिसभर हाय की! बोलाया कोण देतंय?”

साबळेकाका लंगडत आले नि हसले. तुम्ही मात्र मान वर केली नाहीत!

मग तो दिवस. थप्पीतलं पोतं ओढण्याआधी तुम्ही हाळी दिलीत. हाळी ऐकली की पलीकडच्यांनी हात काढून मागं व्हायचं, हा सगळ्या हमालांचा नियम. पण शेट पलीकडच्यांवर खेकसला, “थांबताय काय? ओढा!” थप्पी तुमच्यावर आली, तुम्ही गेलात. मी डबा धरून उभी होते.

काल कोर्टात शेट शपथेवर म्हणाला, “हाळी दिलीच नाही. असली हाळी मी कधी ऐकलीच नाही.”

वकिलानं मला विचारलं, “आधीच्या अपघातात वडिलांनी शेटविरुद्ध साक्ष दिली?”

“नाही.”

“का?”

“माहीत नाही.”

काम जाऊन माझं कॉलेज सुटू नये म्हणून गप्प बसलात का हो? मग ही पदवी मी मिरवू तरी कशी?

न्यायाधीश म्हणाले, “हाळी कशी दिली, सांगा.”

मी सांगितली नाही, अण्णा. दिली. तुमच्यासारखी, पोटातून. “सरका होऽऽ!”

बाकावरचा शेट ताडकन उठून दोन पावलं मागं सरला! सगळ्यांनी पाहिलं. लोक म्हणतात, मुलीला न्याय हवाय. खोटं कशाला लिहू? मला त्याचं ते तोंड पाहायचं होतं. पोटभर पाहिलं.

तो हरला आणि वरच्या कोर्टात गेला तर तिथंही मी येईन, हा शब्द.

बाहेर साबळेकाका म्हणाले, “पोरी, माझंबी लिहून दे.”

आज सकाळी त्यांची तक्रार लिहिली, अंगठा घेतला आणि चौकीत देऊन आले.

तुमची,
नंदा, बी.ए.