सेदूची भाषा, सरांचं नाव

४ फेब्रु.
सेदूच्या बोलीवरचा लेख छापून आला. वर्षभर सेदूला बोलतं करून मी रेकॉर्डिंग केलं, एकेका शब्दापायी रक्त आटवलं, आणि लेखावर नाव एकट्या आमच्या कॉलेजच्या सरांचं. मी तळाला, आभारात, चहावाल्याच्या शेजारी. मेल्यानं सेदूचं तोंडसुद्धा बघितलेलं न्हाय. सोडत न्हाय आता.

५ फेब्रु.
सेदू म्हंजे आमचा भाडेकरू. आफ्रिकेतल्या मालीहून बारामतीला कांद्याची शेती शिकायला आलाय, वडगावात आमच्या मागच्या खोलीत राहतो. तिथल्या डोगोन लोकांतला. त्याची बोली चार गावांपुरती, कुणी कधी लिहून घेतलेली न्हाय. मराठी आमच्या आईकडनं शिकला. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "सरांचा फोन आलता, शनिवारी लेखाच्या कार्यक्रमात मला स्टेजवर बोलवलंय." आयताच सापडला की.

७ फेब्रु.
बेत ठरला. त्यांच्यात माणूस भेटलं की आधी विचारपूस. घर बरं? आई बरी? गुरं बरी? दर वेळी समोरच्यानं "सेओ" म्हणायचं, म्हंजे बरं हाय. ते झाल्याबिगर पुढचं बोलणंच न्हाय. सरांना दिलेल्या रेकॉर्डिंगच्या फायलींतून ती विचारपूस मीच कापलेली, फालतू म्हणून. त्यामुळं सरांच्या कानावर गेलेलीच न्हाय. उद्या सेदू त्यांनाच विचारणार. बघतेच कसं तोंड उघडतात ते.

८ फेब्रु. शनि.
विचारलं. सर हसले, माइकवर म्हणाले, ही त्यांची पिकाची प्रार्थना. टाळ्या! हॉलमधल्यांना काय कळणार, कप्पाळ. पण सेदू जागचा हलला न्हाय. परत विचारलं, आई बरी? मला राहवलं न्हाय. मागच्या रांगेतनं मोठ्यांदा म्हटलं, सेओ. त्यानं मान वळवली आणि आमचं सुरू झालं, गुरं, कांदे, पाऊसपाणी, सगळं. सगळी मुंडकी माझ्याकडं. इंदापूरहून आलेल्या एका बाईंनी सरांना विचारलं, हे तर दोघं बोलतायत, मग प्रार्थना कुठली? सर एरंडेल प्याल्यागत. काळीज गार झालं माझं.

९ फेब्रु.
सरांचा फोन. आवाज काय गोड. "पुढच्या लेखात दोघांची नावं टाकू." म्हटलं, माझं आधी, आणि हा लेख मागं घ्या. उद्या ये, बघू, म्हणाले. बघू कसलं, नाक घासायला लावते.

जेवताना आईला न् सेदूला सांगितलं. सेदूनं विचारलं, "आणि माझं?"

"तुझं कशाला असतंय त्यात? तू नुसता बोललास."

आई माझ्याकडं बघायला लागली. सेदूनं भाकरी संपवली, ताट धुतलं, खोलीत गेला. मी लेख काढून आभार परत वाचले: चहावाला हाय, मी हाय, सेदू न्हाय. उद्या अकराला सरांकडं जायचंय.