दोड्डमाळावर कोण बसलंय

आषाढ शु. ३, शके १८६६

गेला! दोड्डमाळ गेला म्हणून समजायचं.

हे मुरुमहून दुकान बंद करून आले, पाय धुतले, पाटावर बसले आणि भाकरी मोडता मोडता सांगतात – "सोलापूरचा गुंडाप्पा माळाचा ठेका घेतोय. आधी झाडं पाडणार, कोळसा करणार, मग नांगर घालणार." आणि त्याच दमात – "आमटीत मीठ कमी हाय." मीठ कमी म्हणे! माझ्या तोंडची चवच गेली आणि यांना मिठाची पडलीय.

गावातही तेच. "नुसतं गवत तर हाय." नुसतं गवत! उन्हाळ्यात सगळ्यांची गुरं तगतात कशावर? झरा कुणाच्या सावलीत टिकलाय? आणि काळवीटं जातील कुठं? हूम जाईल कुठं? कमरेएवढा उंच पक्षी, उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. नांगराच्या फाळाखाली घालेल?

माझं माहेर माळापलीकडं. पोर होते तेव्हा ईरण्णामामांनी मला गवतात पालथं निजवून पहिल्यांदा हूम दाखवला. गळा फुगवून ओरडतो – हूऽऽम. पोटातनं आल्यासारखा आवाज. समोर म्हणावं तर पाठीमागं वाटतो. भ्याले होते. मामा म्हणाले, "भिऊ नगं. माळ बोलतोय."

त्या माळावर मी कुणाची सून नसते, कुणाची बायको नसते. नांगरून टाकला तर मी कुठं जाऊ?

आषाढ शु. ५

मामी गेल्यापासून मामा आमच्याकडंच असतात. दोन दिवस ओसरीवर बसून होते. आज एकदम उठले, रुमाल बांधला, "चल चावडीत."

चावडीत बोलले ते असं – "आपल्या लिंगायतात माणूस बसवून पुरतात. समाधीवर नांगर कोण घालतं का? गुंडाप्पाबी आपलाच हाय. सरकारबी असल्या मातीत हात घालत न्हाई. माळावर दोन समाध्या करू. एक उत्तरंला, एक पूर्वेला. मधला सगळा माळ आपसूक राहील."

पाटील म्हणाले, "पर मेलंय कोण?"

"मरायची काय गरज? गेल्या साली पटकीत गेलेले म्हणून सांगू. बाहेरच्याला काय ठावं?"

सगळी चावडी हसली! पण पटलं. करूच म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडले. एकटे शिवशरण जंगम अडून बसले. आमची सगळी कार्यं तेच करतात. "खोट्या समाधीला मी मंत्र म्हणणार न्हाई." मामा म्हणाले, "नका म्हणू. नुसते येऊन बसा. लोकांनी तुम्हाला तिथं बघितलं म्हंजे झालं."

आषाढ शु. ८

झालं काम. अंग नुसतं दुखतंय.

खड्डे खरेच खणले. गुंडाप्पा पहार घालून बघेल, माती भुसभुशीत लागली पाहिजे – हे मामांचं डोकं. उत्तरेचा खड्डा खणून झाला, गडी माती लोटणार तेवढ्यात शिवशरण बोलून गेले, "कोण बसलंय?"

सगळे थिजले. आमच्यात ही रीतच आहे. बुजवायच्या आधी जंगम विचारतो, घरच्यानं नाव सांगायचं. नाव सांगितल्याशिवाय माती पडत नाही. जन्मभराची सवय, त्यांच्या तोंडून निघून गेलं. आता काय सांगायचं? मेलेली माणसं आपापल्या समाध्यांत बसलीत. जित्या माणसाचं नाव घ्यायचं तर तो भांडायला उठेल.

मामाच हसले. "मी. ईरण्णा. लोटा माती!"

पूर्वेच्या खड्ड्याशी परत तेच. शिवशरण म्हणाले, "एकदा इचारलं, आता हितंबी इचारावं लागतंय." ढग भरून आलेले, गडी खोळंबलेले, आणि बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडं बघतायत. माझा स्वभाव तसला! म्हटलं, "मी. महादेवी. घाला माती, पाऊस येतोय."

हे माझ्याकडं असे बघायला लागले की बास. बाकी सगळे हसले. शिवशरण नाही हसले.

आषाढ शु. १२

पावसानं धरलंय. मामा म्हणतात, "रिकाम्या खड्ड्यातली माती पावसात बसती. वरनं भर घालत राहा, न्हाईतर भांडं फुटंल."

आषाढ पौर्णिमा

मामा निघाले श्रीशैलला. या वयात, या पावसात! मी आडवी आले. ऐकतात कुठं. "खोटं बोललोय महादेवी. मल्लिकार्जुनाच्या पायावर डोकं ठिवून येतो." पाठीला गाठोडं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. वासरानं पाय दिला तेव्हाची चेप अजून आहे तिच्यावर. नवी करा म्हणून किती वेळा सांगितलं. म्हणतात, "चेपीवरनं तर माझी म्हणून कळती."

वळणावर थांबून त्यांनी माळाकडं बघितलं. माझ्याकडं नाही बघितलं. रागच आला मला.

आषाढ व. ४

सकाळी पाटी भरून माती घेऊन माळावर गेले. पूर्वेची खचलीय, म्हणाले होते तशी. भर घातली. तिथनं उत्तरेला गेले.

उत्तरेची खचली नाही. उलट वर आलीय! कणीक फुगावी तशी. दगडावर बेलाची पानं होती, हिरवीगार. आमच्या माळावर बेल नाही. जवळचं झाड गावात, मठामागं. शिवशरणांना विचारलं – "म्या कशाला जातोय तिकडं?" म्हणाले आणि आत निघून गेले.

आणि काळवीटं. सगळा कळप समाधीभोवती उभा. एकही चरत नव्हतं. मी एवढ्या जवळ गेले तरी पळालं नाही. सगळ्यांची तोंडं दगडाकडं.

मग हूमचा आवाज. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पक्षी कुठंच नाही. दुसऱ्यांदा झाला तेव्हा माझ्या तळपायाला कळला. खालून येत होता.

पाटी तिथंच टाकून आले. नवी पाटी होती.

आषाढ व. ५

यांना सांगितलं. म्हणे, "घूस असंल." घूस बेल वाहते का?

आषाढ व. १०

गुंडाप्पाला समाध्या दाखवल्या, तरी तो गाव सोडायला तयार नाही. चावडीत उभं राहून सगळ्यांदेखत म्हणाला, "माझीच जात, मलाच समाधी दावता? पटकीत मेलेलं कोण पुरलं न्हाई तिकडं. म्या आजूबाजूला इचारलंय." वर कचेरीत अर्ज दिला. अमावास्येला तिथला अंमलदार, पेशकार, येणार आणि उत्तरेची समाधी उकरून बघणार. रिकामी निघाली की माळ त्याचा, आणि पाटलाला सरकारला फसवलं म्हणून तुरुंग.

पाटलाची बायको दारात येऊन रडून गेली. मला बोलली नाही, पण बघत होती अशी की ह्या बाईच्या हूमपायी माझं घर बसलं. काय उत्तर देऊ? खरंच आहे. चावडीत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

मामा, असं कसं सोडून गेलात हो!

आषाढ अमावास्या

लिहवत नाही. तरी लिहिते. नाही लिहिलं तर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

भर दुपार. पेशकारसाहेब छत्री घेऊन उभे. म्हातारा, भला माणूस. खोदण्याआधी त्यांनी स्वतः हात जोडले. गुंडाप्पानं आणलेले गडी खणायला लागले. सगळं गाव लांब उभं. कुणी कुणाकडं बघेना. मी मनात म्हणत होते, आता लागेल तळ. आता हसतील.

मातीत कापड दिसलं. रुमालाची गाठ. एक गडी ओरडून मागं सरकला. दुसऱ्यानं हातानं माती बाजूला केली – कपाळ, त्यावर भस्माचे पट्टे. एवढा पाऊस झालाय, भस्म ओलंसुद्धा नव्हतं. डोळे मिटलेले. डोळ्यांखाली सगळी माती होती म्हणून बरं झालं. छातीशी धरलेला डावा हात मोकळा झाला. तळहातावर चांदीची डबी.

चेप होती तिच्यावर.

मी ओरडले का, आठवत नाही. पेशकार ओरडले – "नक्को! बस करो! ढांको, जल्दी ढांको!" गुंडाप्पानं चपला काढल्या, गुडघ्यावर बसला आणि मातीला डोकं टेकलं. "चुकलं," एवढंच म्हणाला. त्यानं स्वतःच्या हातानं माती लोटली.

आणि सगळ्या वेळात तो आवाज. हूऽऽम. गडी म्हणत होते, ढग गडगडतायत.

श्रावण शु. १

माळ वाचला. पेशकारांनी दफनाची जमीन म्हणून लिहून नेलं. कुणाला ठेका नाही, नांगर नाही, कुऱ्हाड नाही. गावानं पाटलाला खांद्यावर घेतलं. पाटलाची बायको पुरणपोळ्या घेऊन आली. मी हात लावला नाही.

मी यांना म्हटलं, "मामा होते." हे हळूच म्हणाले, "आरडू नगं. त्यांनी केलं ते माळासाठीच केलं." रडायला आलं मला, आणि रागही! मला विचारायचं तरी. माळ पाहिजे होता मला, पण असा? तुमच्या छातीवर उभं राहून हूम बघू मी?

दिवसभर एकच डोक्यात. श्रीशैलचं नाव सांगून गेले, गावाला वळसा घालून परत आले, खड्ड्यात जाऊन बसले. असेल. पण माती कुणी लोटली? बसलेला माणूस स्वतःवर माती कशी ओढेल? शिवशरणांना जाऊन धरलं. त्यांनी लिंग हातात घेऊन शपथ घेतली. "म्या न्हाई. पर महादेवी, नाव तर त्यांनी सांगितलं होतं ना." आणि मग माझ्याकडं बघत राहिले. लई वेळ.

श्रावण शु. ४

ताप आहे. हे दुकानात गेले नाहीत, स्वतः पेज करून पाजली. मीठ विसरले. मी बोलले नाही.

श्रावण शु. ५

नागपंचमी. आज कुणी माती उकरत नाही. पोरी झोके घेतायत, त्यांची गाणी ऐकत पडून आहे. पाटलाचा गडी सांगत होता, पूर्वेची समाधी आता खचत नाही. भर घालायला नको. मी म्हटलं, बरं झालं.

श्रावण शु. ७

मामा आले!

दुपारी सरळ दारात उभे. पाय सुजलेले, दाढी वाढलेली, हातात श्रीशैलचा प्रसाद. "पाणी दे गं." ह्यांच्या हातातलं तपेलं पडलं. मी अंथरुणातून उठून त्यांच्या गळ्यातली डबी हातात घेतली. चेप आहे. अंगाला ऊब आहे. रडले, हसले, मारायलाच धावले त्यांना. त्यांना काही कळेना.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "पर तू माझ्यावर रुसलीस व्हय? येताना माळावरनं आलो. पूर्वेच्या दगडाशी बसली होतीस. तीन हाका मारल्या, तू बघितलंबी न्हाईस."

मी चार दिवस या घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही.