धबधब्याच्या पाठीमागे

प्रिय तोकुमा,

तुझं चित्र आज पाठवतो आहे. पाठीचे जुने कागद ओलीनं फुगले होते. ते सोडवून नवे लावले, कडेला तू सांगितलेलंच निळं रेशीम घातलं. तीन महिने फळीवर ताणून वाळवलं. कामात खोट सापडायची नाही.

या तीन महिन्यांत रोज सकाळी त्यापुढे दोन टाळ्या वाजवून हात जोडले. आपल्या गावचा धबधबा देवच, तसा चित्रातलाही. शाळा सुटली की आपण तिथं रेंगाळायचो आणि आमचा किसाबुरोदादा आपल्याला कान धरून घरी न्यायचा. तूही त्याला दादाच म्हणायचास. पुढं तुम्ही दोघं एकाच गुरूंकडे चित्रं काढायला शिकलात. मी वडिलांकडे चित्रांना पाठ लावायला शिकलो.

दादा गेल्याच्या सातव्या वर्षाच्या पूजेला तू आला नाहीस. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात तुझी मुलाखत आली. कुणी तरी दादाचं नाव काढलं, तर तू म्हणालास, "किसाबुरो? तो माझे रंग घोटायचा. बरे घोटायचा." आईनं ते मला दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा पुसत म्हणाली, "तोकुमा आपल्याकडेच जेवायचा ना रे?"

खरं सांगतो, मनात आलं होतं की ताजी, कडक खळ लावावी. दहा वर्षांत चित्र तडकलं असतं. पण देवाला तडा कसा देऊ? म्हणून वडिलांनी जोत्याखाली रांजणात मुरवत ठेवलेली खळ काढली. ती हलकेच धरते आणि पाण्याचा हात लागला की मुकाट सुटते.

दादाच्या पेटीत तुझं पंचवीस वर्षांपूर्वीचं पत्र निघालं. "दादा, स्पर्धा आठ दिवसांवर आली, माझा हात चालत नाही. धबधबा तू काढ, सही मी करतो. कुणाला सांगू नकोस." त्यानं सांगितलं नाही. मीही सांगणार नाही. ते पत्र मी पाठीच्या दोन कागदांमध्ये चिकटवलं आहे, चित्रातल्या काळ्या कड्यामागे, म्हणजे पुढून दिसत नाही. तुला पाठ सोडवता येत नाही. दुसऱ्या कारागिराकडे नेलंस तर तो वाचेल. नाही नेलंस तर पन्नास वर्षांनी पाठ बदलणारा वाचेल. खळ जुनी आहे, अक्षर न् अक्षर शाबूत निघेल. परवा प्रदर्शनात लोक त्यापुढे वाकतील, तेव्हा तूही वाक.

तुझाच बाकावरचा सोबती,
मोइची