दगड जिंकले, काच हरले

चि. धाकटीस थोरलीचा आशीर्वाद. (चिरंजीव म्हणवून घ्यायचं तुझं वय राहिलं नाही, पण माझ्याहून लहान आहेस तोवर ऐकून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे जागच्या जागी आहेत, फक्त मी कुठे निघाले की बरोबर यायला तयार नसतात. तुझ्या यजमानांना खोकला असेल तर औषध दे, आणि नसेल तर ते इतके गप्प का, याची चौकशी कर.

फोन का केला नाही, असं विचारशील. या घरात माझा फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकवतात, आणि तू मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मुलगा देतो. म्हणून सूनबाईला कागद घेऊन बसवलंय. मी सांगते, ती लिहिते. आपण दोघी अक्षरांच्या वाटेला कधी गेलो नाही. तिने काय लिहिलं ते मला कळणार नाही, आणि तुझी सून जे वाचून दाखवेल तेच तू ऐकशील. म्हणजे आपल्या दोघींतली गोष्ट दोन सुनांच्या हातून जाणार. तेव्हा सुनांबद्दल मी चांगलंच बोलणार आहे. (मावशी, अजून बोललेल्या नाहीत. मी वाट पाहतेय. — सून)

थंडीत मी न्हाणीघरात पडले ते तुला कळवलं होतं, पण ‘जरा पाय घसरला’ असं कळवलं होतं. जरा नव्हे. बादली एका बाजूला उलटली, मी दुसऱ्या, आणि दाराला आतून कडी. बाहेरून मुलगा ओरडतोय, ‘आई, कडी काढ!’ अरे, कडी काढायला उठता आलं असतं तर मी तिथे आडवी कशाला राहिले असते? शेवटी त्याने दार तोडलं. मग अंगावर टॉवेल टाकून तिघांनी मला उचललं, त्यात शेजारचा शिंपी होता. त्याने डोळे मिटून घेतले होते म्हणे. (मिटले काय नि उघडले काय, त्याला मापं अंदाजानेच कळतात.) हसू नकोस. दार तोडल्यावर मुलगा माझ्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होता, ते मी खालून, जमिनीवरून पाहिलं. तेव्हापासून बादलीचा आवाज झाला तरी तो हातातला घास टाकून धावत येतो. त्याच्यावर रागवायचं म्हटलं तरी जमत नाही.

तर त्याने ठरवलं, न्हाणीघर नवं करायचं. खाली नैसर्गिक दगड, आणि आत काचेचा शॉवर. त्यासाठी एक बाई आली, तिला आम्ही घरात नकाशेबाई म्हणतो. तिने जुनं न्हाणीघर पाहून असा चेहरा केला की मला वाटलं, आत कुणी वारलंय. म्हणाली, “आजी, ही जागा गुदमरतेय.” मी म्हटलं, “बाई, मी इथे सगळा संसार धुतला, जागा कधी कुरकुरली नाही. तुला गुदमरत असेल तर खिडकी उघड.” तिने खिडकी उघडली नाही, वहीत काहीतरी लिहिलं. बहुधा माझ्याबद्दलच असेल.

दगड निवडायला मला दुकानात नेलं. तिथे मोठाले दगड भिंतीला टेकून उभे, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. दगडवाला एकावर हात ठेवून म्हणाला, “आजी, हा फार जुना, माणूस नव्हता तेव्हापासूनचा.” म्हटलं, मग आमचं जमेल. नकाशेबाईला हवा होता पांढरा, गुळगुळीत, शिरा असलेला. मी काय केलं, चपला काढल्या, दगड खाली आडवे ठेवायला लावले, पाण्याची बाटली त्यांच्यावर ओतली आणि एकेकावर उभी राहू लागले. दगडवाला म्हणाला, “लोक डोळ्यांनी बघतात हो.” मी म्हटलं, “आंघोळीत माझे डोळे साबणाने मिटलेले असतात, दगड बघतात ते पाय.” एवढं बोलून मी पांढऱ्यावर पाय ठेवला आणि सरळ दगडवाल्याच्या गळ्यात पडले. पांढरा तिथल्या तिथे बाद झाला. (दगडवाल्याची मान त्यानंतर काही दिवस एकीकडेच बघत होती म्हणे.) घेतला तो राखाडी, खडबडीत, काहीही न चमकणारा. माझाच रंग म्हण ना. गवंड्याने बसवलाही छान, पाणी जाळीकडे निमूट जातं. पायाला गार लागतो, पण धरून ठेवतो.

दगडावर मी जिंकले आणि काचेवर हरले. काच म्हणजे जमिनीपासून माझ्या डोक्याच्याही वरपर्यंत, आणि इतकी स्वच्छ की पहिल्याच दिवशी मुलगा तिच्यावर आपटला. मग त्याच्या कपाळाच्या उंचीवर काळी पट्टी चिकटवली. त्याचं कपाळ वाचलं, माझं काहीच झाकलं नाही. मी म्हटलं, पडदा लावा. नको म्हणाले, कुजतो. धुरकट काच लावा म्हटलं. तर नकाशेबाई छताकडे बघायला लागली आणि मुलगा तिच्याकडे. शेवटी विचारलं, न्हाणीघराच्या दाराची कडी कुठाय? तेव्हा सूनबाईच बोलली. (ती खरं बोलते, हे तिच्याबद्दल चांगलं. लिहून घे.) म्हणाली, “आई, कडी नाही लावायची आता. डॉक्टर म्हणालेत, एकटं सोडू नका. तुम्ही पडलात तर दिसायला हवं.” म्हणून काच. काचेसमोर एक स्टूल, आणि स्टुलावर सूनबाई.

धाकटे, या घरात आल्यापासून आतून कडी लावता येईल अशी मला एकच खोली होती. स्वयंपाकघराला दार नाही, झोपायच्या खोलीत कुणी ना कुणी असायचंच. हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं. प्रत्येकजण माझ्या तोंडाकडे बघतोय, ही रडते कधी आणि आपण समजूत काढतो कधी. मी आंघोळीला जाते म्हणून उठले, कडी लावली, नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. पुढेही जीव जड झाला की मी आंघोळ काढायची. त्या वर्षी मी इतकी स्वच्छ होते की विचारू नकोस. आता काचेत उभं राहून रडायचं म्हणजे दुकानात मांडून ठेवल्यासारखं.

तरी पहिल्या दिवशी गेले. जाताना पलंगावरची चादर नेली आणि काचेवरून आतल्या बाजूने सोडली. शॉवर सुरू झाला, चादर भिजली, जड झाली आणि सगळीच्या सगळी माझ्या डोक्यावर आली. डोळ्यांपुढे अंधार. मला वाटलं, आलं बोलावणं, आणि तेही साबण लागलेला असताना. सूनबाई किंचाळत आत आली, तिला वाटलं मी पडले. मला वाटलं, न्यायला आलेत, म्हणून मी तिला ढकललं. तीही पूर्ण भिजली. त्या दिवसापासून चादरीला बंदी आहे आणि माझा आंघोळीला नकार आहे. कधी सर्दी आहे म्हणते, कधी पाणी कोमट आहे म्हणते. ओल्या फडक्याने अंग पुसून घेते. परवा जेवताना मुलाने खिडकी उघडली आणि स्वतःची खुर्ची तिच्याजवळ नेली.

बाकी घरी सर्व ठीक. काळजी करू नकोस.

तुझी,
थोरली
(अंगठा माझाच आहे.)

ता. क. आता कामाचं. तू ये. त्या स्टुलावर तू बस. तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, असं तुझ्या मुलाकडून कळलं. ऑपरेशनच्या आधी ये. पडले तर तुला दिसणार नाही, हे मला कळतं. मी आत बोलत राहीन. बोलणं थांबलं की हाक मार, आणि ओ दिली नाही तर सगळ्यांना बोलाव. रडले तर ऐकू येईल, तेवढं चालेल.

ता. क. दुसरा. यजमानांना आणू नकोस. घरात काच आहे.

ता. क. तिसरा. वरचं लिहिताना सूनबाई थांबली. म्हणते, “आई, मीही काचेकडे पाठ करून बसेन की. तुम्ही बोलत राहा, मी ऐकत राहीन. आधी का नाही सांगितलंत?” म्हटलं, तू आधी विचारलंस का? सोय चांगली आहे आणि उद्या पाणी तापवायला सांगितलंय. पण धाकटे, तू येच. आंघोळ होईस्तोवर तिच्याशी बोलायचं काय? माझं सगळं बोलणं तिच्याबद्दलच असतं.