अर्धी बाटली तेल

मंगळवार, संध्याकाळ

कॉलेज सोडून शहापुरात किराणा दुकानात लागलो, तरी माझा माज गेला नाय. आज सुजाताची आई तेलाला रिकामी बाटली घेऊन आली. मागे सुजाता. जिच्यासाठी मी रोज भांग पाडतो, ती. काकूंनी दोनदा भाव विचारला. "परत वाढला?" मी भडकलो, "काकू, महागाई मी आणली काय? परवडत नसेल तर उकडून खा!" गिऱ्हाइकं हसली. सुजाताने रिकाम्या बाटलीला बूच लावलं. "चल गो आई." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाय.

का बोललो मी असं?

घरी आईने तशीच बाटली पुढे केली. "उद्या येताना तेल आण रे. अर्धीच भर, परत वाढलंय ना?"

मी मान खाली घालूनच बाटली घेतली, बूच लावलं.