टेकलेला नांगर

दीप अमावस्या, म्हणजे इथली हरेली, नांगर-अवजारं पुजायचा सण. समता कॉलोनी, दिवेलागण.

अभनपुरहून परत आलो, पण तो नांगर डोळ्यांसमोरून हलत नाही. दिलीपचा, म्हणजे मेहुण्याचा ट्रॅक्टर माझ्याच वयाचा. लिफ्ट नांगर उचलते. पण इंजिन बंद केलं की चहा संपायच्या आत तो वीतभर खाली येतो. आवाज न करता. तेल नवं, तेलाची जाळी धुतलेली. म्हणजे आतलं सील झिजून तेल मागे झिरपत असणार.

"भाऊजी, उचलते ना? मंग काहून घाबरून राहिले? तुम्ही राजधानीच्या बातम्या लिहा!" दिलीपनं उडवून लावलं.

पूजेसाठी त्यानं नांगर धुऊन वर उचलला, इंजिन बंद केलं, आणि त्याची बायको, मंदावहिनी, हळदकुंकू घेऊन थेट फाळांखाली वाकल्या. मी ओरडलो, "वहिनी, थांबा! नांगर भूमीला टेकलेलाच पुजावा, शास्त्र आहे!"

असं शास्त्र निदान मी तरी शिकलेलो नाही. पण वहिनी झटकन मागे सरल्या. "अगं बाई! अहो, खाली घ्या ना तो!" दिलीपनं मुकाट्यानं घेतला. सीलचं सकाळपासून सांगत होतो, ते वाऱ्यावर.

निघताना म्हणाला, "उद्या मीच पाहतो, खाली लेटून." आधी लाकडाचा ओंडका लाव म्हटलं, तर हसला. "हव, हव."

त्या 'हव'चा भरवसा नाही. वीतभर, आवाज न करता...

वहिनींनाच फोन करतो. ओंडक्याला कुंकू लावून तो आधी नांगराखाली ठेवावा, असंही शास्त्र आता निघेल.