तुमच्याकडची डबी बंद आहे

आर्णी

तीर्थरूप शालिककाकांना समीक्षाचा नमस्कार.

तुमचा गुडघा आणि काकूंची साखर ताब्यात असेल, असं धरून चालते. (फोनवरच विचारलं असतं, पण तुम्ही आमचे नंबर बंद केलेत, म्हणून हे पोस्टाचं पाकीट.)

इकडे ठीक. दोन वर्षांपूर्वी घरच्या निरोपांसाठी मी दोन डब्या, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, बसवल्या, एक इथं, एक तुमच्याकडे दारव्ह्याला. आपलं बोलणं कुठल्या कंपनीच्या मशीनवर नको, दोन्ही घरांनी आपापलं सांभाळावं, असा विचार होता. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. त्यात आई धरली नव्हती. ढग गडगडले की ती मेन स्विच पाडते. दसऱ्याला तिनं विळा, पावडं आणि शिलाई मशीनशेजारी डबीही पाटावर मांडली. हळदीकुंकू जाळीतून आत गेलं, पंखा अडकला. गेल्या आठवड्यात डबीवर ओला फडका सापडला. आई म्हणाली, "तापली होती व माय थे. लेकरू तापलं तं ठेवत नाई का आपण?" मी फडका काढून वाळत घातला. तेव्हापासून आतली डिस्क टकटक करते.

तुमच्या डबीला हा त्रास नाही, कारण दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीवरून बाबांशी भांडण झालं त्याच दिवशी तुम्ही तिची वायर काढलीत. बाबा म्हणाले, "शालिक रुसला, डबी थोडीच रुसली?" आणि फोनवरून तुम्हाला निरोप लिहीत राहिले. पलीकडची डबी बंद असली तर निरोप आमच्याकडे थांबतो, ती चालू झाली की जातो. उघडतो मात्र फक्त तुमच्याकडे. दोन्ही गोष्टी मीच तशा केल्या.

बाबांच्या तेरवीला तुम्ही आलात आणि न जेवता गेलात. छातीत कळ येऊन ते मोटरीपाशी पडले, तेव्हा हातातला फोन, त्यातल्या निरोपांसकट, विहिरीत गेला, हे कोणी सांगितलं नसेल. (गळ टाकून पाहिला. काकूंची बादली निघाली, आपण एकत्र होतो तेव्हाची.)

काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी,
समीक्षा

ता.क. तुमच्यासाठी एक्केचाळीस निरोप थांबलेत. मजकूर मला दिसत नाही. वेळ आणि आकार दिसतो. चाळीस लहान आहेत. शेवटचा मोठा, म्हणजे आवाजाचा. बाबा पडले त्याच सकाळचा, सहा वाजून बारा मिनिटांचा.

ता.क. २. डिस्क किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. काळी वायर भिंतीतल्या प्लगला, निळी इंटरनेटच्या डब्याला. दहा मिनिटं पुरतील.

ता.क. ३. आम्हाला ऐकवलंच पाहिजे असं नाही. बाबांनी तो तुम्हाला पाठवला आहे. आईला फक्त एवढं कळवा, की आवाज नीट येतो.